निर्वासित कुटुंबाची हिपॅटायटिस बी तपासणी आणि लस : या कामात नव्याने येणाऱ्या नर्ससाठी

मेलबर्नच्या आग्नेय भागात, डॅन्डेनाँगच्या आसपास, मी निर्वासितांच्या आरोग्य केंद्रात नर्स आहे. मूळची मिरजेची. महाराष्ट्रातून नर्सिंगसाठी इकडे येणाऱ्या मुली हल्ली वाढल्यात आणि त्यांतल्या काही जणी याच कामाला लागतात. त्यांचे फोन येतात तेव्हा प्रश्न साधारण तेच असतात. रिपोर्ट निगेटिव्ह आहे, मग पुढे काय? कार्डावर तीन डोस दिसतायत, तरी चौथा का टोचायचा? घरच्यांना सांगायचं कसं? म्हणून हे एकदा सविस्तर लिहितेय. नियम ऑस्ट्रेलियातले आहेत. तुम्ही कॅनडात, जर्मनीत किंवा अमेरिकेत असाल तर तिथल्या वेळापत्रकाशी ताडून घ्या. विषाणू मात्र सगळीकडे एकच.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा: "निगेटिव्ह" या एका शब्दावर फाइल बंद करायची नाही. आजार नाही म्हणजे संरक्षण आहे असं होत नाही, आणि एका माणसाचा रिपोर्ट म्हणजे घराचा रिपोर्ट नव्हे.

एवढं का मागे लागायचं तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे जगात २५ कोटी ४० लाख लोक हिपॅटायटिस बीचा, म्हणजे यकृतात बसणारा हा विषाणू अंगात घेऊन जगतात. बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो, कारण वर्षानुवर्षं काही होतच नाही. कावीळ नाही, ताप नाही, पोटदुखी नाही. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाच जणांपेक्षाही कमी लोकांत ती कायमची टिकते. जन्मताना आईकडून बाळाला लागली तर मात्र शंभरातल्या नव्वद बाळांत ती टिकते, आणि यकृताचा सिरोसिस किंवा कॅन्सर चाळिशी-पन्नाशीत समोर येतो. अफगाणिस्तान, म्यानमार, दक्षिण सुदान, इथिओपिया या देशांत आजची मोठी माणसं लहान होती तेव्हा ही लस नव्हतीच. इथिओपियात बाळांच्या लसीकरणात ती २००७ मध्ये आली, दक्षिण सुदानमध्ये २०१४ मध्ये. आपल्याकडेही सरकारी लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ उजाडलं. तेव्हा स्वतःचा रिपोर्ट नसेल तर तोही काढा. नोकरीसाठी तो इथे मागतातच.

रक्त घेण्याआधी

आधी दुभाषा, मग सुई. सरकारी दुभाषा सेवा फोनवर मिळते आणि डॉक्टरांना तिचे पैसे पडत नाहीत. भाषा नीट विचारून घ्या. "अफगाण आहेत" म्हणून दरी भाषेचा दुभाषा बोलावला आणि घरातली आजी फक्त हजारगी बोलते, असं होतं. म्यानमारच्या कॅरेन लोकांची भाषा म्हटली तरी स्गॉ की प्वो, कुठली ते विचारावं लागतं. पाकिस्तानातल्या क्वेट्ट्यात वर्षं काढून आलेल्या अफगाण हजारा कुटुंबांना उर्दू येते, त्यामुळे आपली हिंदी चालून जाते आणि पाच मिनिटांत ओळख होते. ओळखीसाठी ती जरूर वापरा. रिपोर्ट समजावताना मात्र दुभाषाच हवा. नवऱ्याला किंवा दहा वर्षांच्या मुलीला मध्ये घालून असला विषय बोलायचा नाही, मग ती मुलगी कितीही चुणचुणीत असो.

आणखी एक. हे समाज लहान आहेत. दुभाषा त्याच मशिदीत किंवा त्याच चर्चमध्ये जाणारा असू शकतो. फोनवरचा दुभाषा दुसऱ्या राज्यातला मागता येतो, पर्थ किंवा ब्रिस्बेनचा. आणि पेशंटचं नाव त्याला सांगायची गरज नसते. हे दोन्ही पेशंटला आधी सांगितलं की समोरच्या माणसाचे खांदे सैल पडतात. मग तो खरं बोलतो.

पाकिस्तानातून आलेल्यांना "हिपॅटायटिस" शब्द कळेलच असं नाही, "काला यरकान" लगेच कळतो. बी आणि सी दोन्हींना तिकडे तेच म्हणतात. "घर में किसी को काला यरकान था? जिगर की बीमारी से कोई गया?" एवढं विचारलं की मामा, आजोबा, मोठा भाऊ असा सगळा पाढा बाहेर येतो. तो लिहून घ्या. पोटात पाणी होऊन गेलेला मामा ही तुमच्यासाठी मोठी माहिती आहे.

मग दोन वाक्यं न चुकता सांगायची. ही तपासणी व्हिसासाठी नाही. कायमचा व्हिसा हातात घेऊनच तुम्ही उतरला आहात आणि काहीही निघालं तरी तो जात नाही. दुसरं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लॅब तो राज्याच्या आरोग्य खात्याला कळवते, तसा कायदाच आहे. पण ते खातं म्हणजे पोलीस नव्हे आणि इमिग्रेशनही नव्हे. ज्या माणसाने छावणीत प्रत्येक कागदावर अंगठा देऊन काहीतरी गमावलंय, त्याला हे आधीच कळलेलं बरं.

"देश सोडताना सगळ्या तपासण्या झाल्या होत्या," असं कुटुंब सांगेल. त्यात छातीचा एक्स-रे असतो, एचआयव्ही असतो. हिपॅटायटिस बी प्रत्येकाचं बघितलेलं असेलच असं नाही. त्यावर विसंबू नका.

तीन तपासण्या, एकदमच

लॅबच्या फॉर्मवर तिन्ही लिहून घ्या: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस. नुसतं "हिपॅटायटिस बी" लिहिलंत तर लॅब एकच करून पाठवेल आणि त्या एकाने निम्मी गोष्ट कळेल. एचबीएसएजी सांगतो, विषाणू आत्ता अंगात आहे का. अँटी-एचबीसी सांगतो, तो कधीतरी येऊन गेला का. अँटी-एचबीएस सांगतो, संरक्षण आहे का. तो मिलिलिटरला १० मिली-युनिट किंवा जास्त असेल तर आहे.

एका घराचे रिपोर्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आजी, मुलगा, सून, सात वर्षांची नात, सव्वा वर्षाचा नातू.

आजीचा एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह. म्हणजे लागण कधीतरी होऊन गेली आणि शरीराने ती परतवली. लस नको. पण फाइलवर ठळक नोंद हवी, कारण पुढे कॅन्सरचे काही उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली, रिटुक्सिमॅबसारखी, तर यकृतात दबा धरून बसलेला विषाणू पुन्हा उठू शकतो. लसीमुळे आलेली प्रतिकारशक्ती आणि आजारातून उठून आलेली प्रतिकारशक्ती यांत हा फरक आहे. रिपोर्टावर दोन्हींपुढे "इम्यून" एवढंच छापलेलं असतं, फरक आपणच लिहायचा.

मुलाचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह. त्याच्याकडे पुढे येते.

सुनेचे तिन्ही निगेटिव्ह. हाच तो रिपोर्ट, जो बघून लोक "छान" म्हणतात आणि कपाटात ठेवतात. छान काही नाही. पॉझिटिव्ह नवऱ्याच्या घरात ही बाई संरक्षणाशिवाय आहे. आजच पहिला डोस.

नातीचाही एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीएस ४. आणि कार्डावर तीन डोस.

कधी कधी एखाद्याचा फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह येतो, बाकी दोन्ही निगेटिव्ह. जुनी लागण, चुकीचा पॉझिटिव्ह, किंवा क्वचित अगदी कमी पातळीवरची चालू लागण, काहीही असू शकतं. तिथे आपण निदान करत बसायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं.

कार्ड कसं वाचायचं

प्रत्येक घराकडे कागदांची एक पिशवी असते. बऱ्याचदा ती आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने विमानतळावर दिलेली, निळ्या अक्षरांची पांढरी प्लॅस्टिकची पिशवी. सगळे कागद टेबलावर पसरा. घाई करू नका. लसीचं कार्ड बहुधा एक्स-रेच्या पाकिटात नाहीतर शाळेच्या दाखल्यात घडी होऊन बसलेलं असतं.

बाळाच्या कार्डावर "हिपॅटायटिस बी" शोधाल तर सापडणार नाही. "पेंटा १, २, ३" शोधा. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब आणि हिपॅटायटिस बी अशी ती पाच आजारांची एकत्र लस. युनिसेफमार्फत गरीब देशांत जाणाऱ्या या लसीचा मोठा वाटा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचा आहे. माझ्या टेबलावर बसलेल्या एखाद्या पोराच्या मांडीत गेलेलं औषध पुण्याहून निघालेलं असतं, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

आता त्या चौथ्या डोसचं उत्तर. पेंटा बहुतेक देशांत ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात. आपल्याकडेही तसंच आहे. पण इथल्या नियमाप्रमाणे शेवटचा डोस २४ आठवडे पूर्ण झाल्यावरचा हवा. म्हणून १४ आठवड्यांना संपलेल्या मुलांना इथे आणखी एक द्यावा लागतो. नातीचं तेच झालं. आईबाप म्हणतात, "तिकडे तर पूर्ण झालं म्हणाले." खरंच म्हणाले होते, आणि तिथल्या नियमाने ते बरोबरही होतं. हे असंच सांगा. त्यांनी उन्हातान्हात रांगेत उभं राहून पोराला टोचून आणलंय. त्याला चुकीचं म्हणू नका.

तारखांशी मात्र झटापट आहे. अफगाण कार्डावरचं साल १४०१ असेल तर त्यात ६२१ मिळवा, २०२२ येतं. वर्ष मार्चच्या विशीत सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून नव्या वर्षापर्यंतच्या तारखांना ६२२ मिळवायचे. महिन्यांची नावं राशींचीच आहेत: हमल म्हणजे मेष, असद म्हणजे सिंह, मीज़ान म्हणजे तूळ, हूत म्हणजे मीन. पंचांग बघत वाढलेल्या माणसाला ते चटकन बसतं. "असद १४०१" म्हणजे २३ जुलै ते २२ ऑगस्ट २०२२ च्या दरम्यान. इथिओपियन सालात तेरा महिने असतात आणि ते आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. ते तारीख बदलून देणाऱ्या कॅल्क्युलेटरवरच करा. आणि १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली तर सावध व्हा. नोंदणी करताना तारीख माहीत नसली की तीच घालतात. आईला विचारा, थंडीत झाला की उन्हाळ्यात, नौरोझच्या, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाच्या, आधी की नंतर. चोवीस आठवड्यांचा हिशेब त्यावर अवलंबून आहे.

कार्ड नसेल तर अंदाज बांधू नका. "सगळ्या सुया झाल्यात" हे ऐकून घ्या, पण लेखी काही नसेल तर झालेल्या नाहीत असं धरून सुरुवात करा. आधीच संरक्षण असलेल्या माणसाला एखादा डोस जास्त गेला तर अपाय होत नाही. आणि जे लेखी सापडलं ते त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या लसीकरण नोंदवहीत, म्हणजे एआयआरमध्ये, चढवा. नावाचं स्पेलिंग मेडिकेअर कार्डावर, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डावर, आहे तसंच ठेवा, नाहीतर एकाच पोराच्या दोन नोंदी तयार होतात आणि शाळेत नाव घालताना आई रडकुंडीला येते.

उलटाही एक प्रकार आहे. कार्डावर सगळे डोस वेळेवर आणि नियमात बसणारे, माणूस धडधाकट, पण अँटी-एचबीएस १० च्या खाली. घाबरू नका. वर्षं गेली की ही पातळी खाली येते, पण शरीराची आठवण शाबूत असते. अशाला सगळं पुन्हा टोचायची गरज नसते. घरात पॉझिटिव्ह माणूस असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर गोष्ट वेगळी आणि डॉक्टरांना विचारायचं.

टोचताना

रक्त आधी, लस नंतर, पण शक्यतो एकाच खेपेत. लस दिल्यावर काही दिवस, अगदी अठरा दिवसांपर्यंत, एचबीएसएजी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून हा क्रम. आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबलो तर अर्धी कुटुंबं परत येत नाहीत. दोन बस बदलून, पाच माणसं घेऊन, भाषा येत नसताना ती आलेली असतात. त्यांची ती खेप वाया घालवू नये असं माझं ठाम मत आहे. निर्वासितांना ही लस इथे कोणत्याही वयात मोफत आहे, हे त्यांना आपणहून सांगा. पैसे किती पडतील ही धास्ती बोलून दाखवत नाहीत.

मोठ्यांना ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. पहिल्या-दुसऱ्यात किमान एक महिना, दुसऱ्या-तिसऱ्यात किमान दोन, पहिल्या-तिसऱ्यात किमान चार. वीस वर्षांखालच्यांना लहान मुलांचा डोस, वीसच्या पुढे मोठ्यांचा. ११ ते १५ वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या लसीचे दोनच डोस चार ते सहा महिन्यांच्या अंतराने चालतात, आणि शाळा बुडवायला तयार नसलेल्या पोरांसाठी हे फार सोयीचं पडतं. लहानग्यांना इतर लसींसोबत सहा आजारांच्या एकत्र लसीतून देता येते. नातवाला आम्ही तीच दिली.

जागा दंडाची. वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीत. कुल्ल्यात कधीच नाही, तिथे दिल्यास संरक्षण नीट येत नाही. बऱ्याच बायका सवयीने ओढणी सावरून पाठमोऱ्या होतात, कारण तिकडे सगळी इंजेक्शनं तिथेच घेतलेली असतात. पडदा ओढा, फक्त दंड पुरे आहे हे दाखवा. फ्रिज २ ते ८ अंशांत हवा, आणि लस गोठलेली असेल तर ती फेकायची. उन्हाची धास्ती सगळ्यांना असते, पण या लसीला बर्फ जास्त वाईट.

रमझानात तारीख देताना विचारून घ्या. बहुतेक मौलवी दंडातल्या सुईने रोजा मोडत नाही असंच सांगतात, तरी एखाद्या खालाजानचं मन मानत नसेल तर ईदनंतरची तारीख द्या. चार आठवडे उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर

समोरासमोर सांगा, दुभाषासह, आणि पहिल्यांदा त्या माणसाला एकट्याला. फोनवर नाही. त्या घरातल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो बायकोबद्दल: "ती मला सोडून जाईल का?" लैंगिक संबंधांतून लागतो एवढंच त्याने ऐकलेलं. त्याच्या भागातल्या बहुतेकांना ही लागण जन्मताना किंवा अगदी लहानपणी, घरातच होते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य सगळ्यात आधी बोला. आकडे, औषधं, सगळं त्यानंतर.

मग कशाने पसरत नाही ते: एका ताटात जेवण, एकच पेला, मिठी, पोराचा पापा, यांतल्या कशानेही नाही. त्याची थाळी वेगळी काढू नका, हे आजीला वेगळं बसवून सांगा, कारण घरात थाळी वेगळी काढते ती आजीच. रेझर, टूथब्रश, नखं कापायची कात्री मात्र वेगळी. रक्त सांडलं तर हातमोजे घालून ब्लीचने पुसायचं. हा विषाणू शरीराबाहेर सात दिवस टिकतो. बायकोचे डोस पूर्ण होऊन संरक्षण तपासेपर्यंत निरोध.

डॉक्टर यकृताच्या चाचण्या, विषाणूचं प्रमाण आणि डेल्टा म्हणजे हिपॅटायटिस डीची तपासणी करतील. प्रत्येकाला औषध लागत नाही. लागलं तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर, रोज एक गोळी, आणि ती सरकारी सवलतीत मिळते. औषध नसलं तरी दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, आणि ज्यांना कॅन्सरचा धोका जास्त त्यांची सोनोग्राफीही. "औषध नाही म्हणजे आजार नाही" असं समजून लोक यायचे थांबतात, त्यासाठी हे दोनदा सांगा. आणि सगळे रिपोर्ट निगेटिव्ह असलेल्या घरच्यांना लगेच लस.

बाई गरोदर असेल आणि पॉझिटिव्ह असेल तर त्याच दिवशी प्रसूती विभागाला कळवा. विषाणूचं प्रमाण जास्त असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर देतात. बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लस, दोन्ही, दोन मांड्यांत. मग पुढचे डोस, आणि नऊ महिन्यांनंतर बाळाचं रक्त. अंगावरचं दूध पाजायला हरकत नाही. आई हे विचारायला कचरते, आपण आधी सांगायचं.

तिसरा डोस

पहिल्याला सगळे येतात. दुसऱ्याला बरेच येतात. तिसऱ्यापर्यंत घर बदललेलं असतं, बाप शेपर्टनला फळं तोडायला गेलेला असतो, फोनचं सिम बदललेलं असतं. म्हणून दुसरा डोस देताना तिसऱ्याची तारीख त्यांच्यासमोर घ्या आणि त्यांच्या भाषेत कागदावर लिहा. एक जास्तीचा नंबर घ्या, मेव्हण्याचा, शेजारणीचा. पण त्या नंबरवर फक्त "दवाखान्यात फोन करा" एवढाच निरोप, आजाराचं नाव नाही. गाव सोडून जाणार असतील तर सांगा की तिसरा डोस कुठल्याही जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, घेता येतो, आधीचे दोन त्याला नोंदवहीत दिसतील. दीड वर्षाने आले तरी पहिल्यापासून सुरू करायचं नाही. राहिलेला डोस द्यायचा आणि पुढे जायचं.

सून आणि नात यांच्यासारख्या, पॉझिटिव्ह माणसासोबत राहणाऱ्यांचा अँटी-एचबीएस शेवटच्या डोसनंतर चार ते आठ आठवड्यांनी बघायचा. फार उशिरा बघितला तर खाली आलेली पातळी लस न लागल्यासारखी दिसते आणि गोंधळ होतो. १० च्या खाली आला तर एक जास्तीचा डोस आणि चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. तरीही नाही आला तर महिन्याच्या अंतराने आणखी दोन, आणि पुन्हा रक्त. त्यानंतरही कमीच राहिला तर त्या माणसाला लसीने संरक्षण मिळालेलं नाही, हे स्पष्ट सांगायचं आणि फाइलवर लिहायचं. पुढे कधी लागणीचा संशय आला, सुई टोचली, रक्त उडालं, तर ७२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनसाठी यायचं, हेही त्याच कागदावर, त्याच्या भाषेत.